‘के’ सायलेंट का झाला?

(दृश्य: टेम्स नदी, शिडाची जहाजं)

काही इंग्रज व्यापारी टेम्स नदीतून नेदरलँड्समधल्या झीलंडला निघाले होते. वारा पडला, म्हणून वाटेत फोरलँडपाशी किनाऱ्याला उतरले. त्यांतल्या एकानं एका घरी जाऊन खायला मागितलं. विशेषतः अंडी, ‘एग्ज’. घरातली बाई म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, कारण फ्रेंच त्यालाही येत नव्हतं! अखेर दुसरा कुणी म्हणाला, याला ‘ऐरेन’ हवीत. मग बाईला उमगलं.

हा किस्सा विल्यम कॅक्स्टननं १४९० मध्ये आपल्या एका अनुवादाच्या प्रस्तावनेत लिहून ठेवलाय. इंग्लंडमधला पहिला छापखाना याच कॅक्स्टनचा, १४७६ साली वेस्टमिन्स्टरला सुरू झालेला. तो विचारतो, आजच्या काळात माणसानं लिहावं काय, ‘एग्ज’ की ‘ऐरेन’? हातानं पोथी उतरवणारा आपल्या भागातल्या बोलीप्रमाणे लिहून मोकळा व्हायचा. मुद्रकाला ती सोय नव्हती. एकच मजकूर सगळ्या मुलखात विकायचा होता.

‘ऐरेन’ हे जुन्या अँग्लो-सॅक्सन वळणाचं रूप. ‘एग’ आलं स्कँडिनेव्हियातल्या व्हायकिंगांबरोबर. ७९३ मध्ये त्यांनी लिंडिसफार्नचा मठ लुटला, आणि पुढच्या शतकात उत्तर आणि पूर्व इंग्लंडात घरं बांधून राहिले. ‘दे’, ‘देम’, ‘देअर’ ही सर्वनामंसुद्धा त्यांचीच देणगी. वस्तूंची नावं कुठलीही भाषा सहज उचलते. सर्वनामं उचलायला मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार लागतो.

आणि त्या बाईला फ्रेंचच का आठवावी? १०६६ मध्ये फ्रान्समधून नॉर्मन आले, आणि दरबाराची, कायद्याची भाषा फ्रेंच झाली. लोकांना ती समजत नाही, म्हणून न्यायालयात इंग्रजीतून बाजू मांडण्याचा कायदा करावा लागला, तोही थेट १३६२ मध्ये.

(दृश्य: छपाईचे खिळे जुळवणारे हात)

छापखाना आला तेव्हा इंग्रजीचे उच्चार स्थिर नव्हते. साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर एकेक करून जागा सोडत गेले. ‘टाइम’ पूर्वी ‘टीम’च्या जवळ होतं, ‘हाउस’ होतं ‘हूस’. आणि ‘नेम’? ते जवळजवळ आपल्या ‘नाम’सारखं उच्चारत. ‘नाइट’, म्हणजे सरदार, ‘क्निख्त’ असा ऐकू यायचा. त्याच्या स्पेलिंगच्या सुरुवातीचा ‘के’ कॅक्स्टनच्या काळी जिवंत होता. पुढे जिभेनं तो सोडला, पण तोवर कागदावर रूप रुळलं होतं. १७५५ मध्ये सॅम्युअल जॉन्सनचा शब्दकोश आला आणि बहुतेक स्पेलिंगं पक्की झाली.

म्हणून ज्या स्पेलिंगांनी आपल्या कित्येक मुलांना रडवलं, ती निव्वळ लहरीनं ठरलेली नाहीत. त्यांत जुने आवाज साठलेले आहेत. हे शाळेतच सांगितलं असतं तर घोकंपट्टीचा जाच किती कमी झाला असता!

काही अक्षरांना मात्र ही सबब नाही. ‘डेट’ म्हणजे कर्ज, फ्रेंचमधून आलं ते ‘बी’शिवाय. विद्वानांना लॅटिनमधलं ‘देबितुम’ आठवलं आणि त्यांनी ‘बी’ घुसवला. ‘आयलंड’वर तर सरळ अन्याय झाला. तो अस्सल इंग्रजी शब्द, लॅटिन ‘इन्सुला’शी त्याचं नातंच नाही. तरी ते आहे असं समजून त्यात ‘एस’ घातला गेला. हा ‘एस’ त्या शब्दात कुणीही, कधीही उच्चारलेला नाही, आणि तो गाळला की शुद्धलेखनात आजही चूक धरतात.