'समजा' म्हणजे काय?

(गिरगावातल्या एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. मुंबईतल्या मराठी माध्यमाच्या शाळेत मी तीस वर्षं गणित शिकवलं. त्यातल्या एका तासाची आठवण आधी सांगते. सहावीचा वर्ग होता. मी फळ्यावर लिहिलं, 'समजा, क्ष = ५'. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मला समजलंच नाही, तर समजा कसं?"

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण तिचं बरोबर होतं. घरात 'समजलं' म्हणजे कळलं. गणितात 'समजा' म्हणजे घटकाभर असं धरून चला, पुढे पटलं नाही तर सोडून देऊ. त्या मुलीला वाटत होतं की क्ष पाच आहे हे बाकी सगळ्यांना ठाऊक आहे, आपल्या एकटीलाच ते कळलेलं नाही. त्या दिवसापासून मी 'समजा' म्हणायचं सोडलं. 'धरून चालू' म्हणायला लागले. तिचा पुढचा प्रश्न होता, "मग सहा धरलं तर चालेल?" चालेल ना! क्षला 'चल' म्हणतात ते त्याचसाठी. तो एका जागी बांधलेला नसतो.

गणित अवघड जातं म्हणतात, त्यातला बराचसा अडथळा आकड्यांचा नसतो, शब्दांचा असतो. म्हणून आज मी नवं काही आणलेलं नाही. तुमच्या तोंडात रोज असलेले चार-पाच शब्द घेऊन आले आहे.

पहिला शब्द 'पाऊण'. भाजीवाल्याकडे आपण पाऊण किलो गवार मागतो. हा शब्द फोडून बघा, पाव आणि ऊन. हे ऊन उन्हाळ्यातलं नव्हे. संस्कृतात 'ऊन' म्हणजे कमी. पावाने कमी तो पाऊण. आता एकोणतीस फोडा. तिथेही तेच, एक ऊन तीस. म्हणजे शाळेचं तोंड बघायच्या आधीच मराठी मूल 'एकोणतीस' म्हणताना वजाबाकी करत असतं, त्याला ते कुणी सांगत नाही एवढंच. एकोणचाळीस, एकोणऐंशी, एकोणनव्वद अशी रांग नीट चालते आणि शंभराच्या उंबऱ्यावर भाषा वाट बदलते, 'नव्व्याण्णव' म्हणते. मुलं तिथे अडखळतात, आणि त्यात त्यांचा काही दोष नाही. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात एकवीसला 'वीस एक' अशी संख्या वाचण्याची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला ते तुम्हाला आठवत असेल. गणितज्ञ मंगला नारळीकरांनी तेव्हा त्या बदलाची बाजू शांतपणे मांडली होती. मला ती पटली होती. पण एकोणतीसमधलं ऊन मुलांना उलगडून दाखवणारं कुणी तरी हवं, असंही मला वाटतं. दोन्ही एकत्र नांदू शकतात.

आता पावणेदोन. दोनाला पाव कमी. मग पावणेदोनशे म्हणजे? दोनशेला पाव कमी म्हणाल तर १९९.७५ होतील. आपण तसं कधीच करत नाही, आपण १७५ म्हणतो, कारण तो पाव एकाचा नाही, शंभराचा आहे. अपूर्णांकातला सगळ्यांत मोठा प्रश्न हाच. पाव, पण कशाचा? सव्वाशे, दीडशे, अडीचशे म्हणताना आपण या प्रश्नाचं उत्तर न चुकता देतो, आणि वहीत तोच प्रश्न आला की गांगरतो.

छेद म्हणजे कापणं. रेघेखालची संख्या सांगते किती सारखे तुकडे केले. अंश म्हणजे भाग, वरची संख्या सांगते त्यातले किती घेतले. एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दरवर्षी निम्मा वर्ग दोन पंचमांश करायचा. वर वर मिळवा, खाली खाली मिळवा. मी रागवायचे नाही. विचारायचे, "अर्धं कलिंगड ताटात आहे. त्यात आणखी एक फोड ठेवली. ताटातलं कलिंगड अर्ध्याहून कमी झालं का?" दोन पंचमांश तर अर्ध्याहून कमी! मुलं स्वतःच पुसायला लागायची. आठ आणे आणि चार आणे मिळून बारा आणे पटकन होतात, कारण दोन्हीकडे तुकडा एकाच मापाचा आहे, आण्याचा. इथे एक तुकडा अर्ध्याचा, दुसरा तिसऱ्या हिश्शाचा. दोन्हींचे षष्ठांश करा, तीन आणि दोन, झाले पाच षष्ठांश. लसावि काढायचा तो एवढ्याचसाठी.

'लसावि' हे अक्षरांचं गाठोडं सोडलं की आत तीन शब्द निघतात. लघुत्तम, सर्वांत लहान. विभाज्य, ज्याला भाग जातो ते. आणि मधला 'साधारण', जो फसवतो. बोलताना साधारण म्हणजे अंदाजे किंवा बेताचं. इथे साधारण म्हणजे दोघांत सामाईक. डेपोतून एक बस दर १२ मिनिटांनी सुटते, दुसरी दर १८ मिनिटांनी. आत्ता दोघी एकदम सुटल्या, तर पुन्हा एकदम कधी सुटतील? ३६ मिनिटांनी. ३६ ही वेळ दोघींच्या वेळापत्रकात आहे, म्हणून ती साधारण.

'धन' आणि 'ऋण' हे शब्द तर आपल्याला आयते मिळाले आहेत. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' लिहिला. त्यात धन, ऋण आणि शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे, गुणाकाराचे नियम आहेत. धन म्हणजे गाठीचा पैसा, ऋण म्हणजे देणं. ऋण गुणिले ऋण धन का, हे दहावी झालेली माणसंही मला विचारतात. वाण्याची वही डोळ्यांपुढे आणा. तुमच्या नावावर शंभर-शंभरच्या तीन उधाऱ्या आहेत. वाण्याने त्या तिन्ही खोडल्या. देणं हे ऋण, आणि ते काढून टाकणं हेही ऋण. तीन देणी गेली, तुमची बाजू तीनशेने वर आली. ज्याने कधी उधारी फेडली आहे त्याला हा नियम पाठ करावा लागत नाही.

शून्याने भागण्याचा प्रश्न मात्र ब्रह्मगुप्तालाही नीट सुटला नाही. शून्य भागिले शून्य म्हणजे शून्य, असं त्याने म्हटलं, ते आज आपण मानत नाही. पुढे बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' हे नाव दिलं. ख म्हणजे आकाश, म्हणजेच शून्य, आणि हर म्हणजे छेद. त्या राशीत काही मिळवलं किंवा तीतून काही काढलं तरी तिच्यात फरक पडत नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी तिला अनंत अच्युताची उपमा दिली. किती सुंदर कल्पना आहे! पण आजचं गणित इथे थांबतं. भागाकार म्हणजे पुन्हा पुन्हा काढत जाणं. १२ लाडवांतून तीन-तीन काढा, चार वेळा काढून डबा रिकामा होतो. आता शून्य-शून्य काढा. जन्मभर काढलंत तरी डबा तसाच. प्रश्नाला उत्तर नाही, म्हणून आपण लिहितो, 'व्याख्या नाही'. भास्कराचार्यांचा विषय निघालाच आहे, तर भाऊ दाजी लाडांची आठवण काढायला हवी. भायखळ्याला राणीच्या बागेत ज्यांच्या नावाचं संग्रहालय आहे तेच ते. चाळीसगावजवळच्या पाटण इथला शिलालेख त्यांनी उजेडात आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, हे त्या लेखामुळे कळतं.

टक्क्यांवर फार वेळ घालवत नाही. दादरला दुकानावर पाटी असते, '५० टक्के सूट, वर आणखी २० टक्के'. हजाराची साडी आधी पाचशेला येते. पुढचे २० टक्के त्या पाचशेचे, म्हणजे शंभर. साडी चारशेला. सूट ७० टक्के नव्हे, ६० टक्के. इथेही तोच प्रश्न, वीस टक्के कशाचे?

आता 'सरासरी', ज्यासाठी मी खरं तर आले. २६ जुलै २००५ इथे बहुतेकांना आठवतो. त्या २४ तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, कुलाब्याला ७३. आधी मिलिमीटर म्हणजे काय ते बघू. पडलेलं पाणी वाहिलं नाही, मुरलं नाही, जागच्या जागी उभं राहिलं, तर त्याची उंची. ९४४ मिलिमीटर म्हणजे तीन फुटांहून थोडं अधिक. चौरस मीटरभर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. चाळीतली दहा बाय बाराची खोली सुमारे ११ चौरस मीटर भरते. तेवढ्या एका खोलीच्या छपरावर त्या दिवशी दहा हजार लिटरहून जास्त पाणी पडलं. एका खोलीवर एक टँकर! मग पाणी कुठे जाईल?

आता दोन्ही ठिकाणांची सरासरी काढा. ९४४ आणि ७३ मिळून १०१७, त्याचे निम्मे ५०८.५. हिशेब अचूक आहे. पण ५०८.५ मिलिमीटर हा आकडा ना सांताक्रूझचा, ना कुलाब्याचा. कुर्ल्यात पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला तो काही सांगत नाही, कुलाब्यात छत्री मिटून चाललेल्यालाही नाही. सरासरी म्हणजे सगळ्यांचं एकत्र करून सारखं वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला काय येईल, ते. पैसे तसे वाटता तरी येतात. पाऊस कसा वाटणार?

पैशांतही जपून राहावं लागतं. एका मजल्यावर सात बिऱ्हाडं आहेत, धरून चालू. सहा घरांत महिन्याला २०, २५, २८, ३०, ३२ आणि ३५ हजार येतात, सातव्यात सहा लाख. सरासरी येते एक लाख दहा हजार. सातांपैकी सहा घरं त्याच्या जवळपासही नाहीत. अशा वेळी मध्यक बघावा. कमाई चढत्या क्रमाने मांडायची आणि बरोबर मधलं घर बघायचं. इथे ते ३० हजारांचं. पेपरात 'सरासरी उत्पन्न' वाचलंत की मध्यक कुठे आहे ते शोधा. दिलेला नसेल तर मागा.

एका काकांनी चिठ्ठी पाठवली आहे, ती घेते आणि थांबते. "मोबाइलवर पावसाची शक्यता ७० टक्के दाखवली आणि दिवस कोरडा गेला. मग अंदाज चुकला ना?" काका, पुन्हा तेच विचारायचं, ७० टक्के कशाचे? एका दिवसावरून ते ठरवता येत नाही. ज्या ज्या दिवशी '७० टक्के' दाखवलं असे शंभर दिवस कॅलेंडरवर खुणा करून ठेवा. त्यातले सत्तरच्या आसपास दिवस पाऊस पडला आणि तीसच्या आसपास कोरडे गेले, तर अंदाज सांगणाऱ्याला आपलं काम येतं. शंभरच्या शंभर दिवस पाऊस पडला, तर मात्र त्याचा ७० हा आकडा चुकला.