संचावरचं छोटं बटण

नमस्कार श्रोतेहो.

30 मार्च 1981. वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलातून बाहेर पडताना अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. अंगरक्षक जेरी पार यांनी त्यांना गाडीत ढकललं आणि बिनतारी संचावर निरोप गेला, ‘रॉहाईड ठीक आहे.’ रॉहाईड हे रेगन यांचं सांकेतिक नाव. पण थोड्याच वेळात त्यांच्या ओठांवर फेसाळ रक्त दिसलं आणि व्हाइट हाउसकडे निघालेली गाडी पार यांनी जॉर्ज वॉशिंग्टन रुग्णालयाकडे वळवली. अध्यक्षांची सुरक्षा सांभाळणाऱ्या सीक्रेट सर्व्हिसनं हे संभाषण 2011 मध्ये लोकांना ऐकायला खुलं केलं. ते ऐकताना एक गोष्ट मनात पक्की बसते. अशा क्षणी संच हातात असलेला माणूस फक्त बोलतो. कुठलं बटण कुठे आहे, हे बघायला त्याला उसंत नसते.

तेव्हा सांकेतिक नावांवर बरीच भिस्त असे. आता ते काम एन्क्रिप्शन करतं, म्हणजे बोलणं गुप्त किल्लीनं झाकलं जातं. अमेरिकेत पोलीस आणि सुरक्षा यंत्रणा पी-25 नावाची डिजिटल पद्धत वापरतात. संच आवाजाचे 20 मिलिसेकंदांचे तुकडे करतो, त्यांचे आकडे बनवतो, त्यांत गुप्त किल्ली, म्हणजे एक मोठा गुप्त आकडा, मिसळतो आणि मगच ते हवेत सोडतो. तीच किल्ली असलेला संचच त्या आकड्यांचा पुन्हा आवाज करू शकतो. किल्ली मिसळण्याची, 1977 मध्ये प्रमाण ठरलेली डीईएस ही पद्धत 1998 मध्ये खास बांधलेल्या यंत्रानं तीन दिवसांच्या आत फोडली. 2001 मध्ये तिच्या जागी एईएस आली. तिची 256 बिटांची किल्ली एकेक करून शोधायची म्हटली, तर शक्यतांची संख्या 78 अंकी होते. त्या वाटेनं कुणी आत शिरणार नाही.

मग बोलणं बाहेर फुटतं कसं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या मॅट ब्लेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या काही महानगरांत साधे रिसीव्हर लावून फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, यंत्रणांचं बोलणं दोन वर्षं ऐकलं. 2011 च्या त्यांच्या अहवालानुसार एकेका शहरात रोज सरासरी 20 मिनिटांहून अधिक संवेदनशील बोलणं उघड्यावर जात होतं. खबऱ्यांची नावं, पाळत कुणावर आहे, कुणाला कधी पकडायचं, सगळं. किल्ली कुणी फोडली नव्हती. एन्क्रिप्शनचं बटण छोटं, त्यावरची खूण न कळणारी, आणि ते बंद राहिलं तरी दोन्ही बाजूंना आवाज व्यवस्थित येतो. आपण उघड्यावर बोलतोय हे बोलणाऱ्याला कळतच नव्हतं.

दुसरं कारण आपल्या भागातल्या माणसाला लगेच पटेल. सीमाप्रश्न तापला की कोगनोळीजवळ, दूधगंगेच्या पुलाच्या दोन्ही बाजूंना दोन राज्यांचे पोलीस उभे असतात. समजा, दोघांकडे एन्क्रिप्शनचे संच आहेत, पण किल्ल्या वेगवेगळ्या. मग निपाणीकडच्यांचं बोलणं कागलकडच्यांना कळणार नाही. पुलावर गर्दी वाढतेय, निरोप तर द्यायलाच हवा. अशा वेळी अधिकारी काय करेल? एन्क्रिप्शन बंद करा म्हणेल, आणि मी त्याला दोष देणार नाही. अमेरिकेतही हेच दिसलं. पथकातल्या एकाच्या संचात किल्ली जुनी राहिली, की त्याच्यासाठी सगळं पथक उघड्यावर बोलायला लागायचं.

म्हणूनच ब्लेझ यांच्या गटाची शिफारस मला फार शहाणपणाची वाटते. किल्ल्या वारंवार बदलू नका, एक किल्ली जास्त काळ चालू द्या, असं ते म्हणतात. सुरक्षेच्या पुस्तकी शिस्तीला हे अगदी उलटं वाटेल. पण जितक्या वेळा किल्ली बदलाल तितक्या वेळा कुणाचा तरी संच मागे राहील. आणि ते बटणच काढून टाका: गुप्त बोलण्याचं चॅनेल वेगळं ठेवा, उघड्या बोलण्याचं वेगळं, म्हणजे चूक व्हायला जागाच उरणार नाही.

इथे बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरलं की हलग्याच्या सुवर्ण विधानसौधाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटेपासून बंदोबस्ताला उभे असलेले शिपाई आपण पाहतो. गाडीत बसलेल्या माणसाचा जीव जितका मोलाचा, तितकाच ह्या शिपायाचाही. गुपित फुटलं तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जातो, आणि हे मला मनापासून चुकीचं वाटतं. न कळणारं बटण त्याच्या हाती देणाऱ्याला आधी विचारा. संच विकत घेण्यापूर्वी रात्रपाळी करून आलेल्या शिपायाच्या हातात तो द्या, वर्दळीच्या चौकात उभं करा आणि विचारा: सांग, आत्ता तुझं बोलणं झाकलेलं आहे की उघडं? त्याला खाली न बघता उत्तर देता आलं, तरच तो संच घ्यावा.