फॉकलंड १९८२ : तंबू, बूट आणि एक बुडालेलं जहाज

फॉकलंडचं नाव काढलं की लोक लगेच एक्झोसेट मिसाईल आणि हॅरियर विमानांवर येतात. येऊ देत, तो भाग थरारक आहेच, पण मला आज सामानाबद्दल बोलायचंय, कारण माझं स्पष्ट मत आहे की ही लढाई सामान आणि कॅलेंडर या दोन गोष्टींवर फिरली.

२ एप्रिल १९८२ ला अर्जेंटिनाने दक्षिण अटलांटिकमधली, ब्रिटनच्या ताब्यातली ही फॉकलंड बेटं काबीज केली. त्यांच्या किनाऱ्यापासून जेमतेम ५०० किलोमीटर, आणि ब्रिटनपासून सुमारे १३ हजार! तरी ५ एप्रिलला ब्रिटनच्या पोर्ट्समथ बंदरातून हर्मिस आणि इन्व्हिन्सिबल या विमानवाहू नौका निघाल्यासुद्धा. ही हर्मिस म्हणजे तीच बरं का, जी पुढे आपण विकत घेतली आणि १९८७ मध्ये आयएनएस विराट झाली, मुंबईत तुमच्यापैकी कित्येकांनी पाहिली असेल. फॉकलंडला ती फ्लॅगशिप होती, म्हणजे तिथल्या ब्रिटिश ताफ्याचे प्रमुख अ‍ॅडमिरल वुडवर्ड तिच्यावरूनच ताफा चालवत होते.

आता एवढ्या घाईत निघाल्यावर काय होणार, माल जसा आला तसा जहाजात कोंबला, जे आधी लागणार ते तळाशी आणि जे नंतर लागणार ते वर. मग अर्ध्या वाटेवर असेन्शन बेटापाशी थांबून ते परत उपसून नीट लावावं लागलं. नौदलाची जहाजं पुरेनात म्हणून कॅनबरा आणि क्वीन एलिझाबेथ टू सारखी प्रवासी जहाजंही सरकारने ताब्यात घेतली.

आणि वर हवामान. तिकडे जून म्हणजे ऐन हिवाळा. वुडवर्डना कळत होतं की जवळपास कुठे गोदी नाही, दुरुस्ती नाही, जहाजं त्या समुद्रात रोज झिजतायत, त्यामुळे जूनमध्ये आटपलं नाही तर मग आटपणारच नाही. थंडी काय करते त्याची चुणूक २२ एप्रिललाच फॉकलंडच्या पूर्वेकडच्या साउथ जॉर्जिया बेटावर, फॉर्च्युना हिमनदीवर मिळाली होती. तिथे उतरवलेल्या एसएएस या ब्रिटिश कमांडो दलाच्या जवानांना वादळामुळे परत आणायला तीन हेलिकॉप्टरं गेली, पांढऱ्याधोप बर्फात दोन कोसळली, आणि तिसऱ्याने सगळ्यांना उचलून आणलं. एकही माणूस गेला नाही, हे नशीबच म्हणायचं.

२१ मेला फॉकलंडच्या सान कार्लोस किनाऱ्यावर ब्रिटिश सैन्य उतरलं. अर्जेंटिनाचे पायलट जिवावर उदार होऊन इतके खालून यायचे की बऱ्याच बॉम्बना फ्यूज (बॉम्ब फोडणारी कळ) चालू व्हायला वेळच मिळायचा नाही, बॉम्ब जहाजात घुसून न फुटता पडून राहायचे. ते सगळे फुटले असते तर आज मी वेगळीच गोष्ट सांगत असतो.

पण खरा घाव २५ मेला बसला, अटलांटिक कन्व्हेयरवर. हे साधं कंटेनर जहाज, युद्धनौका नव्हेच. एक्झोसेट लागून ते पेटलं, १२ माणसं गेली, त्यांत कॅप्टन नॉर्थ पण होते. आणि त्याच्याबरोबर तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरं आणि सैन्याचे तंबू गेले. चौथं चिनूक तेवढं हवेत होतं म्हणून वाचलं. म्हणजे सैनिकांना ज्या हेलिकॉप्टरांनी उचलून बेटांची राजधानी स्टॅन्लीजवळ नेऊन सोडायचं ठरलं होतं तीच बुडाली, आता काय, चाला! मरीन कमांडो आणि पॅराट्रूपर अंगावर ३५-४० किलो ओझं घेऊन चालत निघाले. वाटेत रस्ता नाही, झाड नाही, नुसती पीटची, म्हणजे कुजलेल्या झाडपाल्याच्या मातीची दलदल, ढोपरं मोडणारे दगड, आडवा वारा. ब्रिटिश बूट तर असे की पाणी आत यायचं आणि आतच राहायचं, पाय सुजून सडायला लागले, गोळी न लागताही माणसं निकामी व्हायला लागली. मला विचाराल तर बुटांच्या बाबतीत ब्रिटिश सैन्याला माफी नाही.

आणि डोंगरांवर खंदकात बसलेली अर्जेंटिनाची मुलं? त्यांतली बरीचशी सक्तीच्या भरतीतली, खंदकात पाणी, पाय त्यांचेही सडत होते. स्टॅन्लीत धान्य होतं पण पुढच्या ठाण्यांपर्यंत नीट पोचत नव्हतं. तिकडेही सामानाचीच बोंब.

१४ जूनला स्टॅन्ली पडलं. अर्जेंटिनाचे ६४९ आणि ब्रिटनचे २५५ गेले, तीन बेटवासी बायकाही गेल्या. आणि ब्रिटिशांपुढे लगेच नवा प्रश्न : हजारो कैदी, भर थंडी, तंबू तर आधीच समुद्रात. मग जी कॅनबरा ब्रिटिश सैनिक घेऊन आली होती तिच्यातच चार हजारांवर कैदी भरले आणि पाच दिवसांत अर्जेंटिनाला पोर्तो माद्रिनला नेऊन सोडले.