गाडी बदलायला घाबरू नका

श्रोतेहो, नमस्कार.

उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वित्झर्लंडला जाणारी मराठी कुटुंबं आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. त्यातली बरीचशी सहल कंपनीच्या बसनं फिरतात. त्यात वावगं काही नाही. पण ज्यांना आपल्या वेळेनं हिंडायचंय, एखाद्या तळ्याकाठी दोन तास निवांत बसायचंय, अशी माणसंही एका धास्तीपोटी बसचाच रस्ता धरतात. धास्ती ही, की परक्या देशात सामान घेऊन दोन-तीनदा रेल्वेगाडी बदलायची, भाषा येत नाही, आणि एखादी गाडी चुकली तर काय करायचं? विशेषतः साठी ओलांडलेल्या जोडप्यांकडून हे हमखास ऐकू येतं. त्यांच्यासाठीच मी आज बोलणार आहे.

तिथली रेल्वे मुळात गाडी बदलणाऱ्या प्रवाशासाठीच आखलेली आहे. १९८२ साली स्वित्झर्लंडनं देशभर ठरावीक अंतरानं धावणाऱ्या गाड्यांचं वेळापत्रक लागू केलं. सकाळी ९ वाजून २ मिनिटांनी गाडी असेल, तर १० वाजून २ मिनिटांनी असते आणि ११ वाजून २ मिनिटांनीही असते. पुढे त्यांनी मोठी स्थानकं एकमेकांशी वेळेनं बांधून घेतली. झुरिक, बर्न अशा ठिकाणी चहूकडून येणाऱ्या गाड्या तासाच्या ठोक्याआधी काही मिनिटं येऊन थांबतात, माणसं इकडून तिकडे जातात, आणि ठोका पडल्यावर गाड्या आपापल्या दिशेनं निघतात. हा मेळ बसावा म्हणून झुरिक ते बर्न हा प्रवास तासाच्या आत यायला हवा होता. त्यासाठी नवा लोहमार्ग बांधला आणि डिसेंबर २००४ पासून ते अंतर ५६ मिनिटांवर आलं. गाडी किती वेगानं पळवायची हेसुद्धा त्यांनी पुढची गाडी मिळावी या हिशेबानं ठरवलं! दादरला पश्चिमेकडून मध्य रेल्वेकडे धावत जाणाऱ्या आपल्या माणसाला तर हे फारच सोपं जावं.

एसबीबी हे तिथल्या रेल्वेचं नाव. फ्रेंच भागात तीच सीएफएफ आणि इटालियन भागात एफएफएस होते, पाट्यांवर ही तिन्ही नावं दिसतील. तिचं अ‍ॅप फोनवर घेऊन ठेवा. कुठून कुठे जायचं ते घातलं की कुठल्या फलाटावर उतरायचं, पुढची गाडी कुठल्या फलाटावरून, मध्ये किती मिनिटं, हे सगळं येतं. मध्ये सहाच मिनिटं दिसली तर दचकू नका. लहान स्थानकांवर पुढची गाडी बरेचदा समोरच्याच फलाटावर उभी असते. झुरिकचं मुख्य स्थानक मात्र मोठं आहे. तिथे ३१ ते ३४ आणि ४१ ते ४४ हे फलाट जमिनीखाली आहेत, सरकत्या जिन्यानं उतरावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर तिथे सहा मिनिटांची घाई न करता नंतरची गाडी धरा. पास किंवा साधं तिकीट असेल तर ते पुढच्या गाडीलाही चालतं, आणि ती अर्ध्या तासात, फार तर तासाभरात येतेच. स्वस्तातलं 'सुपरसेव्हर' तिकीट त्याच गाडीला बांधलेलं असतं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी त्याच्या नादी लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

फलाटावर प्रवेशद्वारं नाहीत, सरळ चालत जाऊन बसता येतं. पण तिकीट गाडीत चढण्यापूर्वीच घ्यायचं. तपासनीस येतोच आणि दंड जबर आहे. डब्यावर १ किंवा २ असा वर्गाचा मोठा आकडा असतो, तोही पाहून चढा.

एका जागी मात्र नीट लक्ष द्यायला हवं. इंटरलाकेन ओस्ट या स्थानकावरून डोंगरात जाणारी छोट्या रुळांची गाडी सुटते. ती निघते एक गाडी म्हणून आणि त्स्वायल्युट्शिनेन या ठिकाणी तिचे दोन भाग होतात. एक ग्रिंडेलवाल्डच्या खोऱ्यात जातो, दुसरा लाउटरब्रुनेनच्या. फलाटावर ए, बी, सी, डी अशा अक्षरांचे टप्पे आखलेले असतात, आणि वरच्या फलकावर कुठले डबे कुठल्या टप्प्यात लागणार ते दाखवतात. डब्याच्या अंगावरही गावाचं नाव असतं. ते वाचूनच चढायचं, आणि आपल्यातला एक जण फोटो काढत मागच्या डब्यात राहिला नाही ना, हे बघायचं.

आता पासबद्दल, कारण पैशाचा सगळा हिशेब इथेच ठरतो. परदेशी पाहुण्यांसाठी 'स्विस ट्रॅव्हल पास' मिळतो. तो ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा असतो. त्यात रेल्वे, पिवळ्या पोस्ट-बस, शहरातल्या ट्राम आणि तळ्यांवरच्या बोटी सगळं आलं. ल्युसर्नचा बोटीचा धक्का रेल्वे स्थानकासमोरच आहे. तिथून बोटीनं फिट्स्नाउ, आणि तिथून १८७१ साली सुरू झालेल्या दातेरी रुळांच्या गाडीनं रिगी डोंगरावर, हे सगळं पासात बसतं. दुसरा पर्याय 'हाफ फेअर कार्ड'. ते महिनाभर चालतं आणि बहुतेक तिकिटं निम्म्या दरात मिळतात.

आपल्याकडे सगळे डोळे झाकून पास घेतात. पण रोज लांबचा प्रवास असेल तरच पास परवडतो. एकाच गावी आठवडाभर राहून रोज वेगळ्या शिखरावर जायचं असेल, तर कार्ड घेऊन बघा. रेल्वेनं जाता येणाऱ्या युंगफ्राउयोख या बर्फाळ खिंडीचं उदाहरण घ्या. इंटरलाकेनहून जाऊन-येऊन त्याचं पूर्ण तिकीट २०० फ्रँकच्या वर जातं. पासावर ग्रिंडेलवाल्डपर्यंत फुकट, पण तिथून वर फक्त २५ टक्के सूट. कार्डावर निम्मं. कागद-पेन घेऊन हा हिशेब घरीच मांडा. मुलं बरोबर असतील तर 'स्विस फॅमिली कार्ड' मागायला विसरू नका. ते मोफत मिळतं, आणि आई किंवा वडिलांबरोबर ६ ते १५ वर्षांची मुलं त्यावर फुकट प्रवास करतात.

त्याच युंगफ्राउयोखबद्दल आणखी थोडं, कारण अनेकांचा सगळ्यात मोठा खर्च तोच असतो. जागा आहे ३४५४ मीटरवर. रेल्वे १९१२ सालची, आणि वरचा जवळजवळ सगळा टप्पा बोगद्यातून. वर ढग असतील तर पांढऱ्या पडद्यापलीकडे काहीही दिसत नाही. म्हणून पुण्यात बसून महिनाभर आधी एका विशिष्ट तारखेचं तिकीट काढू नका. त्या भागात तीन-चार रात्री राहा, रोज सकाळी उठल्याबरोबर वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र बघा, आणि स्वच्छ दिसलं त्या दिवशी निघा. गर्दीच्या दिवसांत जागा लवकर भरतात, तेव्हा चित्र बघितल्यावर चहाच्या दुसऱ्या कपासाठी थांबू नका. २०२० च्या डिसेंबरपासून ग्रिंडेलवाल्डहून रोपवेनं पंधरा मिनिटांत आयगरग्लेचर स्थानकाला पोचता येतं, तिथून वर जाणारी रेल्वे मिळते. वर गेल्यावर हवा विरळ असते. हळू चाला, आणि हृदयविकार असेल तर इथूनच डॉक्टरांना विचारून निघा.

बर्निना एक्स्प्रेसचंही असंच. काचेच्या मोठ्या खिडक्यांची ती गाडी, तिला जागेचं आरक्षण लागतं आणि पास असला तरी त्याचे वेगळे पैसे पडतात. पण सेंट मोरिट्झहून इटलीतल्या तिरानोला त्याच रुळांवरून साधी लाल गाडीही जाते. तिला आरक्षण लागत नाही, वाटेत कुठेही उतरून पुढच्या गाडीनं जाता येतं. बर्निना खिंडीतला २२५३ मीटरवरचा रेल्वेचा माथा, ब्रुसिओचा गोल फिरणारा पूल, सगळं तेच. मला तर ही साधी गाडीच जास्त आवडते.

सामानाबद्दल कळकळीनं सांगते. माणशी एक मध्यम बॅग आणि पाठीवर एक पिशवी, बस्स. रोज हॉटेल बदलू नका, दोन गावं निवडून तिथूनच फिरा. तरीही बॅगा जड झाल्याच तर स्थानकावर देऊन दुसऱ्या स्थानकावर घ्यायची सोय आहे. मात्र त्या त्याच दिवशी मिळतील असं धरू नका, मधले कपडे आणि औषधं जवळच ठेवा.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच. जास्त रात्री ज्या देशात, अर्ज त्या देशाकडे. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतो. चलन मात्र युरो नव्हे, स्विस फ्रँक.

रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. मोठ्या स्थानकांतली आणि विमानतळावरची उघडी असतात, दूध, दही, फळं तिथे मिळतील. मुक्काम स्थानकाजवळ घेतला की याचीही सोय होते.

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री डोंगरात राहू नका, झुरिकला या. विमानतळाचं रेल्वे स्थानक विमानतळाच्या पोटातच आहे, आणि मुख्य स्थानकापासून तिथे पोचायला दहा-बारा मिनिटं लागतात.