गालाच्या आतली पांढरट झाक

श्रोतेहो, नमस्कार. हल्ली दातांच्या दवाखान्यात अधूनमधून असा रुग्ण येतो की ज्याचा दात दुखत नाही, हिरडी सुजलेली नाही, परंतु आदल्या रात्री मोबाइलची बॅटरी लावून आरशात तोंड पाहिल्यापासून त्याला झोप मात्र लागलेली नाही. मागे असेच एक गृहस्थ आले होते. त्यांनी खुर्चीत बसताच दोन्ही गालांकडे बोट दाखवले आणि विचारले, "डॉक्टर, स्पष्ट सांगा, सुरुवात झाली का?" कशाची, ते त्यांनी सांगितले नाही, आणि मला विचारावेही लागले नाही.

त्यांच्या दोन्ही गालांच्या आतल्या अस्तरावर, दुधाचा पेला नुसताच विसळल्यावर काचेवर उरते तशी, करडसर पांढरी झाक होती आणि तिच्यात बारीक सुरकुत्या दिसत होत्या. ती घालवण्यासाठी पंधरा दिवस हळद-मीठ चोळल्यामुळे एके ठिकाणी साल गेले होते, आणि त्यांना होणारी आग तेवढ्याचीच होती. मी दोन बोटांनी गाल धरून बाहेरच्या बाजूला ताणला, तशी झाक विरली आणि खालचा गुलाबी रंग दिसू लागला. गाल सोडताच ती पुन्हा परतली.

या स्थितीला ल्युकोएडेमा म्हणतात. हे नाव 1953 साली वैद्यकीय लेखनात आले. अस्तराच्या वरच्या थरातील पेशींमध्ये पाणी साठून त्या फुगतात, थर जाड होतो आणि खालच्या रक्तवाहिन्यांची लाली झाकली जाते. गाल ताणला की तोच थर पातळ होतो, म्हणून पांढरेपणा नाहीसा होतो किंवा निदान बराच फिकट पडतो. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या माणसांत ही झाक अधिक आढळते, विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत ती अधिक गडद असते, आणि बहुधा दोन्ही गालांवर सारखीच असते. ती कापसाने पुसून जात नाही, दुखत नाही, आणि तिचा कर्करोग होत नाही. तिला औषध नाही, कारण तिला औषधाची गरजच नाही.

मग एवढे बोलायचे कशासाठी? कारण आपल्याकडे मिश्री, तंबाखू-चुना, सुपारी आणि बंदी असूनही मिळणारा गुटखा यांच्यामुळे तोंडात पांढरे दिसणारे सगळेच निरुपद्रवी नसते. ज्या बाजूला तंबाखूचा बार धरला जातो, तिथे खरखरीत, जाडसर चट्टा उठला असेल आणि गाल ताणूनही तो जसाच्या तसा राहत असेल, तर तो ल्युकोप्लाकिया, म्हणजे पुढे कर्करोगाकडे वळू शकणारा पांढरा चट्टा, असू शकतो, आणि त्याचा तुकडा काढून तपासावा लागू शकतो. सुपारी खाणाऱ्या काहींचा गाल ताणायला गेले तर तो ताणलाच जात नाही, आतून दोरीसारखे पट्टे हाताला लागतात, तिखट सोसत नाही आणि तोंड दिवसेंदिवस कमी उघडते; तो आजार निराळा आहे आणि गंभीर आहे. दह्यासारखा थर पुसला जाऊन खाली लाल जागा उरली, तर तो बुरशीचा संसर्ग असतो. गाल ताणून पाहणे ही युक्ती घरी करून पाहण्यास हरकत नाही, मात्र तिच्यावरून स्वतःच निकाल देऊ नये. दोन आठवड्यांत न जाणारा कोणताही चट्टा किंवा जखम डॉक्टरांना दाखवावी.

त्या गृहस्थांनी माझ्या हातातला आरसा घेऊन तीनदा स्वतःचा गाल ताणून पाहिला. तिसऱ्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर हसू आले आणि लगेच त्यांनी विचारले, "म्हणजे विडी चालेल ना?" मी त्यांना सांगितले की, विडी सोडली तर ही झाकही फिकट होऊ शकते, आणि सोडली नाही तर दर सहा महिन्यांनी मला त्यांच्या तोंडात पाहावे लागेल, ते या झाकेसाठी नव्हे. त्यांनी आरसा खाली ठेवला आणि सहा महिन्यांनंतरची तारीख लिहून घेतली.