बारा अंडी घालणारी पाणबुडी

नमस्कार श्रोतेहो.

आज एका पाणबुडीची गोष्ट सांगणार आहे. नाव यूसी-5. पहिल्या महायुद्धातली, जर्मन. पाणबुडी म्हटलं की आपल्याला टॉर्पेडो आठवतो. हिच्याकडे टॉर्पेडो नव्हताच. तोफही नव्हती. एक मशीनगन, आणि पोटात बारा सुरुंग, म्हणजे समुद्रात सोडून ठेवायचे, जहाज आपटलं की फुटणारे बॉम्ब. बारा सुरुंग आणि चौदा-पंधरा माणसं, एवढाच संसार.

लांबी 34 मीटर, म्हणजे एसटीच्या तीन गाड्या एकामागे एक लावा, तेवढी. रुंदी सव्वातीन मीटरही नाही. डिझेल इंजिन 90 अश्वशक्तीचं. पाण्यावर वेग ताशी सहा सागरी मैल, सायकलवाला सहज पुढे जाईल. अशा बोटीत रात्र रात्र बसायचं, आणि वास कसला, तर डिझेलचा, घामाचा आणि कोबीचा. कोबीचं मी माझ्या मनानं घातलंय, पण जर्मन माणूस आणि कोबी नाही असं होणार नाही.

काम कसं चालायचं? बोटीच्या पुढच्या भागात सहा तिरप्या नळ्या. प्रत्येकीत दोन सुरुंग, एकावर एक. नळ्या खालून उघड्या, त्यामुळे सुरुंग कायम पाण्यात भिजत असायचे. म्हणजे किती खोलीवर तरंगायचं ते बंदरातच ठरवून निघायचं, वाटेत बदल नाही. सुरुंग सुटला की आपल्या जड नांगरासकट तळाशी जाऊन बसतो. त्याला धरून ठेवणारी एक विरघळणारी वडी असते. खडीसाखर पाण्यात विरघळते तशी ती विरघळली, की सुरुंग तारेवर वर येतो. तोवर पाणबुडी लांब गेलेली असते. लांब जाणं महत्त्वाचं. नाहीतर स्वतःच्याच सुरुंगावर जायची वेळ.

इंग्रजांना आधी कळेच ना, की हे सुरुंग टाकतंय कोण. जुलै 1915 मध्ये इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर यारमथजवळ एका मालवाहू बोटीखाली काहीतरी सापडलं. पाणबुडे खाली उतरले, तर हिचीच बहीण, यूसी-2. तेव्हा उलगडा झाला.

आपली यूसी-5 जून 1915 मध्ये कामावर रुजू झाली. तळ बेल्जियममध्ये, जर्मनांनी घेतलेल्या किनाऱ्यावर. दहा महिन्यांत 29 मोहिमा, आणि तिच्या सुरुंगांवर सुमारे 30 जहाजं गेली. त्यातलं एक रुग्णालय-जहाज, अँग्लिया. 17 नोव्हेंबर 1915, फोकस्टोनजवळ. जखमी सैनिक घेऊन फ्रान्सहून येत होतं, शंभराहून जास्त माणसं गेली. दोनच आठवडे आधी, घोड्यावरून पडलेल्या राजा पाचव्या जॉर्जला याच जहाजानं घरी आणलं होतं. सुरुंगाला राजा कळत नाही आणि जखमीही कळत नाही.

बरं, आता ज्याच्यासाठी मी हा विषय घेतला तो भाग.

27 एप्रिल 1916. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हार्विच बंदराबाहेर शिपवॉश नावाचा वाळूचा उथळ पट्टा आहे. त्यावर आपली बोट रुतली. आमच्याकडे होडी रुतली की चार माणसं खाली उतरून ढकलतात. इथे उतरून ढकलणार काय! फायरड्रेक नावाची इंग्रज विनाशिका येताना दिसली, तेव्हा खलाशांनी आपलीच बोट उडवायला स्फोटकं लावली. स्फोटकं फुटली, पण हवी तशी नाही. माणसं कैद झाली, आणि इंग्रजांच्या हाती अख्खी पाणबुडी लागली. पोटात सुरुंग तसेच! ते निकामी करायला आत जाणाऱ्या माणसाचा विचार करा. सव्वातीन मीटर रुंदीची बोट, वाकडीतिकडी झालेली.

बोट हार्विचला ओढत आणली, आणि मग काय केलं? लंडनला नेऊन थेम्स नदीत, टेम्पल धक्क्यावर बांधली. लोकांना बघायला! जुलै 1916. जिनं आपली जहाजं बुडवली तिला बघायला लंडनकर काठावर. (आपली विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, आणि 2014 मध्ये भंगारात निघाली. मला अजून राग आहे. असो.)

गोष्ट इथेही संपत नाही. 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली, युद्धाला पैसा हवा, सरकारनं लिबर्टी कर्जरोखे काढले. लोक रोखे घेणार कसे? तर यूसी-5 चे तुकडे करून समुद्रापार नेले, न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून गाड्यांवर घालून नेले आणि थेट सेंट्रल पार्कमध्ये जोडून उभे केले. कुठे? शीप मेडोवर. नावाप्रमाणे तिथे खरोखर मेंढ्या चरायच्या, 1934 पर्यंत. म्हणजे मेंढ्यांच्या कुरणात पाणबुडी! आणि बोटीला नाव दिलं ‘यू-बाय-अ-बाँड’. यू-बोट म्हणजे जर्मन पाणबुडी, आणि यू म्हणजे तुम्ही. तुम्ही रोखा घ्या. जाहिरातवाले तेव्हापासून असेच. हल्ली फोनवर कर्ज घ्या म्हणून पिच्छा पुरवणारी मंडळी निदान दारात पाणबुडी तरी आणत नाहीत.

जाता जाता एक. हिची दुसरी बहीण यूसी-6. तिच्या सुरुंगानं 27 फेब्रुवारी 1916 रोजी, डोव्हरच्या अगदी समोर, पी अँड ओ या इंग्रज जहाज कंपनीची मालोजा ही प्रवासी बोट बुडाली. मदतीला धावलेली बोटही सुरुंगावर गेली. मालोजावरची दीडशेहून जास्त माणसं गेली, त्यांत हिंदुस्थानी खलाशीही होते. बोट निघाली होती मुंबईला.

नमस्कार.