दुसरी रेघ

ठाण्याहून वाशीकडे जाणाऱ्या लोकलने तुर्भ्याला उतरलेली एक गर्भवती प्रसूतिपूर्व तपासणीच्या रांगेत बसली आहे. मांडीवरच्या प्लास्टिकच्या पिशवीत माता-बाल संरक्षण कार्ड आणि सोनोग्राफीचे अहवाल आहेत. आत प्रयोगशाळेत तिच्या रक्ताचा थेंब रॅपिड कार्डावर पडतो. ‘सी’ या अक्षरासमोर उमटणारी रेघ चाचणी नीट झाली, एवढेच सांगते. काही मिनिटांनी ‘टी’समोर दुसरी, फिकट रेघ दिसू लागते. चार महिन्यांपूर्वी अशाच दोन रेघा पाहून घरात पेढे आले होते.

ही दुसरी रेघ हिपॅटायटिस सी या यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची आहे. विषाणू शरीरात कधीतरी येऊन गेला असावा, एवढेच ती दाखवते; तो आजही रक्तात आहे की नाही, हे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी आरएनए चाचणीच सांगू शकते, कारण काही जणांच्या शरीरातून तो औषधाविना निघूनही जातो. एवढ्या एका कार्डावरून घरात तिचे ताट वेगळे करणे हा तिच्यावर अन्याय आहे. हा विषाणू रक्तातून पसरतो, एकत्र जेवल्याने नाही.

नेहमीच्या तपासणीत एचआयव्ही, सिफिलिस आणि हिपॅटायटिस बी यांच्या चाचण्या असतात. सीची चाचणी मात्र अनेक ठिकाणी जोखीम विचारून ठरवली जाते. पूर्वी रक्त चढवले होते का, डायलिसिस झाले होते का, सुईने नशा केली होती का, असे प्रश्न सासू शेजारी बसलेली असताना विचारले, तर खरे उत्तर मिळेलच कसे? प्रत्येक गरोदरपणात ही चाचणी करावी, अशी शिफारस अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने २०२० साली केली, आणि ती आपल्याकडेही लागू व्हायला हवी, असे आम्हाला मनापासून वाटते.

विषाणू रक्तात असला, तरी बाळाला लागण होण्याचे प्रमाण शंभरात सुमारे ५ ते ६ आहे. आईला एचआयव्हीही असल्यास ते वाढते. केवळ या कारणासाठी सिझेरियन करावे लागत नाही. अंगावरचे दूध पाजता येते. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत असेल, तेवढे दिवस मात्र थांबावे. या आजारावर लस नाही, पण साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. गरोदरपणात हे उपचार सहसा सुरू करत नाहीत. ते प्रसूतीनंतर होतात, आणि २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात ते मोफत आहेत.

खरी अडचण पुढे आहे. सातव्या महिन्यात ओटीभरण होते, ती माहेरी जाते आणि अहवाल तुर्भ्याच्या खोलीतल्या कपाटात राहतो. माहेरच्या डॉक्टरांना काही कळत नाही, आणि बाळाची तपासणी राहून जाते. आईची प्रतिपिंडे बाळाच्या रक्तात १८ महिन्यांपर्यंत राहू शकतात, म्हणून रॅपिड कार्ड त्याआधी उपयोगाचे नाही. आरएनए चाचणी मात्र दुसऱ्या महिन्यानंतर करता येते.

परिचारिका आरएनएचा अहवाल कार्डाला टाचते, मागच्या बाजूला बाळाच्या तपासणीचा महिना ठळक अक्षरांत लिहिते आणि विचारते, “माहेर कुठलं तुमचं?”